विश्लेषण : डहाणूचे भूकंप कानांनी ‘वाचता’ येतील?

डहाणू, तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले, तेव्हा अनेक गावकऱ्यांचे सांगणे सारखेच होते : आधी जमिनीतून आवाज आला, मग घर हलले. या धक्क्यांची नोंद आज तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि तीव्रता अशा रकान्यांत उपलब्ध आहे. मात्र ज्यांच्या भिंतींना तडे गेले, त्यांना ती पाहून काही उमगावे अशी तिची मांडणी नाही. आकड्यांना आवाजाचे रूप देणारे ‘ध्वनीकरण’ हे तंत्र इथे कामी येऊ शकते. चिंचणीसारख्या गावात लोकांना आत फिरून भूकंपांची नोंद ऐकता येईल असे दालन उभे करणे शक्य आहे. पण ते प्रामाणिकपणे उभारले तरच त्याचा उपयोग. अन्यथा तो दुसऱ्याच्या भीतीचा तमाशा ठरेल.

डहाणू-तलासरीत काय घडले?

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांत नोव्हेंबर २०१८ मध्ये धक्के सुरू झाले आणि पुढे ते थांबण्याचे नाव घेईनात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यातील सर्वात मोठा ४ रिश्टरपेक्षा थोडा अधिक होता. त्या दिवशीच्या पळापळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. घरांना तडे गेले, लोक थंडीत उघड्यावर झोपू लागले, तंबू उभारले गेले, शाळांचे वर्ग बाहेर भरले. जुलै २०१९ मध्येही धक्क्यांनी घराची पडझड होऊन जीवितहानी झाली.

तज्ज्ञांच्या भाषेत याला ‘भूकंपांची मालिका’ किंवा ‘भूकंपांचा थवा’ म्हणतात. यात एक मोठा धक्का आणि त्यामागून येणारे लहान धक्के असा क्रम नसतो. लहान-मध्यम धक्के आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने येत राहतात. मधे ओसरतात, पुन्हा वाढतात. खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब हे यामागचे एक कारण असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी परिसरात भूकंपमापक बसवले आणि हजारो लहान-मोठ्या धक्क्यांची नोंद जमा झाली.

चिंचणी हे याच डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाचे किनाऱ्यावरचे गाव. धुंदलवाडीपासून ते दूर आहे, पण त्याच्या दक्षिणेला लागूनच तारापूर आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र तिथे १९६९ पासून चालू आहे. त्यामुळे डहाणूत जमीन हलली की चिंचणी, तारापूर, बोईसरमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘इथवर किती पोहोचले?’ हा. त्याचे उत्तर आकड्यांच्या तक्त्यात दडलेले असते आणि तोवर मोबाइलवरचे संदेश स्वतःचे उत्तर पसरवून मोकळे झालेले असतात.

जमिनीतून खरेच आवाज येतो का?

येतो. भूकंपात प्रथम येणारी लहर ‘प्राथमिक लहर’ म्हणून ओळखली जाते. ती खडकातून ध्वनीसारखीच, दाबत-पसरत पुढे सरकते आणि कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला साधारण सहा किलोमीटर असतो. मागून येणारी ‘दुय्यम लहर’ सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. घर जोराने हलवते ती हीच. माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २० हजार कंपने ऐकू येतात. दूरच्या भूकंपातील जलद कंपने वाटेतच विरून जातात आणि उरलेली कंपने कानाच्या मर्यादेखाली राहतात. भूकंप उथळ आणि जवळ असेल, तर मात्र जलद कंपने विरण्याआधीच वर पोहोचतात. जमिनीचा पृष्ठभाग ढोलाच्या पानासारखा थरथरतो आणि हवेत आवाज उमटतो. सुरुंग उडाल्यासारखा किंवा अवजड ट्रक गेल्यासारखा आवाज झाला, असे लोक सांगतात त्याचे कारण हे आहे.

या आवाजात माहितीही असते. पहिला धडाका आणि नंतरचा जोराचा हादरा यांत जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला साधारण आठने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा अंदाज मिळतो. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत, तसाच हा हिशेब. धडाका आणि हादरा जवळजवळ एकत्रच आले, तर भूकंप पायाखालीच झाला असे समजावे. म्हणजे धुंदलवाडीच्या ज्या आजीने ‘आवाज आला की लगेच हलते’ असे सांगितले असेल, तिने नकळत शास्त्रीय निरीक्षणच नोंदवले. ते लिहून घेण्यासाठी रकाना नव्हता, एवढेच.

ध्वनीकरण म्हणजे काय?

आकड्यांचा आलेख काढतो तसाच आकड्यांचा आवाज काढणे म्हणजे ध्वनीकरण. आलेखात मोठ्या आकड्याला उंच रेघ मिळते. इथे मोठ्या आकड्याला चढा स्वर, मोठा आवाज किंवा जलद ठोका मिळतो. सर्वात प्रसिद्ध उदाहरण अणुऊर्जेच्याच क्षेत्रातले आहे. हान्स गायगर यांनी १९०८ मध्ये किरणोत्सारी कण मोजण्याचे साधन तयार केले आणि १९२८ मध्ये वॉल्टर म्युलर यांच्यासोबत त्याचे सुधारित रूप आणले. या गायगर मापकाला स्पीकर जोडला की नळीत शिरलेला प्रत्येक कण ‘टक’ असा आवाज करतो. टक-टक दाट झाली की किरणोत्सार वाढला. काट्याकडे न पाहता, हातातले काम न सोडता हे कळते.

दुसरे उदाहरण रुग्णालयातले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची ‘बीप’ नाडीच्या ठोक्याबरोबर वाजते आणि प्राणवायू घटला की तिचा स्वर खाली उतरतो. भूलतज्ज्ञाचे डोळे दुसरीकडे असले तरी स्वर उतरल्याचे त्याला तत्काळ कळते.

भूकंपांच्या बाबतीतही हे नवे नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे भूकंपतज्ज्ञ ह्यूगो बेनिऑफ यांनी भूकंपाच्या नोंदी वेग वाढवून ऐकण्याजोग्या केल्या आणि १९५३ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील शेरिडन स्पीथ यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : भूकंप आणि जमिनीखालचा अणुस्फोट यांतला फरक कानाला कळेल का? थोड्या सरावानंतर ऐकणाऱ्यांना तो बऱ्याच अंशी कळला. अणुचाचण्यांवर बंदी घालण्याची चर्चा चालू असतानाचा हा प्रयोग होता. १९९२ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ध्वनीकरण ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून उभी राहिली.

महाराष्ट्राला हे परके आहे का?

मुळीच नाही. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास हे तिचे एक मुख्य काम. अशा ताऱ्याचे रेडिओ संकेत स्पीकरवर दिले की ठोके ऐकू येतात : ‘वेला’ तारा सेकंदाला सुमारे ११ वेळा ठोके देतो, ‘क्रॅब’ सुमारे ३० वेळा, त्यामुळे क्रॅबचे ठोके सुटे न वाटता घरघर वाटतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे ‘लायगो-इंडिया’ची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीची कंपने कानाच्या टप्प्यातच होती. म्हणून दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती नोंद जगाने ‘चिर्र’ अशा छोट्याशा आवाजात ऐकली.

विज्ञानसंस्था बाजूला ठेवल्या, तरी कानाने पारख करणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. माठ टिचकी मारून घेतला जातो, नारळ कानाजवळ हलवून पाहिला जातो, रेल्वेचा कामगार चाकावर हातोडी मारून तडा ओळखतो. डहाणू-तलासरीचेच उदाहरण घ्यायचे तर वारली समाजाच्या तारपा नाचाचे घेता येईल. तारपा वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती साखळी करून फिरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. तोंडाने कुणी सूचना देत नाही. आवाजातला बदल हीच सूचना. आवाज ऐकून शरीराने प्रतिसाद द्यायचा, हे जे आज मोठ्या विद्यापीठांतील ध्वनिदालनांत शिकवले जाते, ते या मातीत अंगवळणी पडलेले आहे.

कान डोळ्यांपेक्षा जास्त काय सांगतात?

काळातील घडण. केव्हा दाटले, केव्हा विरळ झाले, ठेका आहे की नाही, हे कान फार चटकन ओळखतो. एक साधा हिशेब पाहा. भूकंपमापक सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर दिवसभरात ८६ लाख ४० हजार नोंदी होतात. नेहमीच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी वाजतात. त्या वेगाने दिवसभराची नोंद वाजवली, तर ती सुमारे सव्वातीन मिनिटांत संपते. वेग ४४१ पट वाढतो आणि सेकंदाला एकदा होणारे कंपन ४४१ कंपनांचा, स्पष्ट ऐकू येणारा स्वर बनते. महिनाभराची नोंद एक तास ३८ मिनिटांत बसते.

अशा नोंदी ऐकताना दोन प्रकारच्या भूकंपांतला फरक क्षणात कळू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या घटनेत एक प्रचंड धक्का आणि मागून विरळ होत जाणारे लहान धक्के असतात. सुतळी बॉम्ब फुटावा आणि नंतर इकडेतिकडे उरलेसुरले फटाके वाजावेत तसे. धक्के असे विरळ होत जाण्याचा नियम जपानचे फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडला होता. डहाणूसारखी मालिका मात्र पत्र्यावरच्या पावसासारखी वाजते : सर येते, ओसरते, पुन्हा येते, आणि त्यात कुणी एक ‘मुख्य’ थेंब नसतो. ‘हा मोठ्या भूकंपाआधीचा इशारा आहे का?’ या प्रश्नाने डहाणूकरांची झोप उडवली होती. बहुतेक मालिका मोठा धक्का न देता विरतात, पण तशी हमी कुणी देऊ शकत नाही, असे शास्त्र सांगते. हे वाक्य कागदावर वाचले की टाळाटाळ वाटते. काही वर्षांची सर-ओसर कानांनी ऐकली, तर त्याचा अर्थ उमगू शकतो.

चिंचणीतील ध्वनिदालन कसे असेल?

शाळेचे सभागृह किंवा महाविद्यालयाचा मोठा वर्ग पुरेसा आहे. जमिनीवर डहाणू आणि तलासरी तालुक्यांचा नकाशा रंगवायचा : पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला चिंचणी-तारापूर, वर बोर्डी, पूर्वेकडे महामार्ग आणि धुंदलवाडीचा पट्टा. कडेने सहा-आठ स्पीकर, वर माणसाची जागा टिपणारा कॅमेरा आणि एक साधा संगणक. ‘प्युअर डेटा’, ‘सुपरकोलायडर’ अशा ध्वनिनिर्मितीच्या प्रणाली १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि त्या मोफत वापरता येतात. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची भूकंपांची यादी संकेतस्थळावर पाहता येते.

प्रत्येक धक्का म्हणजे एक आवाज. तो नकाशावरील त्याच्या जागेतून येईल. खोल भूकंप मंद्र सप्तकात, उथळ भूकंप तार सप्तकात. तीव्रता जास्त तितका आवाज मोठा आणि लांबणारा. इथे एक योग जुळून येतो. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की जमिनीची हालचाल दहा पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे आकड्यांवरून कुणालाच जाणवत नाही. ३ आणि ४ शेजारी-शेजारीच दिसतात. पण कानही अशाच पटींच्या हिशेबाने ऐकतो. त्यामुळे ३ आणि ४ मधली दरी आवाजातून अधिक खरेपणाने पोहोचवता येते.

ऐकणारा नकाशावर चालू लागला की ऐकणे बदलते. चिंचणीवर उभे राहिले तर लांबची पुसट गुरगुर, ईशान्येला चालत गेले की आवाज जवळ येतात, दाटतात. भिंतीवरचे चाक फिरवले की काळ पुढे-मागे जातो : २०१८ चा नोव्हेंबर, २०१९ चा फेब्रुवारी, पावसाळा. पायाने एखाद्या गावावर टकटक केले की तिथले सगळे धक्के क्रमाने वाजतात. म्हणजे हे दालन भाषण देत नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देते. साध्या ध्वनिफितीत आणि अशा दालनात फरक आहे तो हाच. प्रश्न विचारण्याचा अधिकार इथे ऐकणाऱ्याकडे राहतो.

एक मर्यादा मात्र दारातच लिहून ठेवावी लागेल. चिंचणीवर उभे राहून आवाज पुसट आला, म्हणून तारापूरचा प्रकल्प सुरक्षित आहे असे ठरत नाही, आणि मोठा आला म्हणून धोक्यात आहे असेही ठरत नाही. इमारतींची मजबुती भूकंपांच्या यादीत नसते. त्याची उत्तरे प्रकल्पाकडेच मागायला हवीत. दालन फार तर तो प्रश्न नेमका विचारायला शिकवेल.

चुका कुठे होऊ शकतात?

पहिली चूक शांततेची. भूकंपमापक बंद होता म्हणून काही वाजले नाही आणि धक्काच बसला नाही म्हणून काही वाजले नाही, या दोन शांतता कानाला सारख्याच ऐकू येतात. पण एकीचा अर्थ ‘काही झाले नाही’ आणि दुसरीचा ‘आपल्याला कळले नाही’. म्हणून मापक चालू असताना तानपुऱ्यासारखा अगदी मंद स्वर सतत राहायला हवा आणि मापक बंद असेल तेव्हा तोही थांबायला हवा. गैरहजेरी ऐकू आली पाहिजे.

दुसरी चूक याहून फसवी. डहाणूत सुरुवातीला जवळ फारसे मापक नव्हते. ते नंतर वाढवण्यात आले. मापक वाढले की पूर्वी न टिपले गेलेले अगदी बारीक धक्केही नोंदीत येतात. ही नोंद जशीच्या तशी वाजवली, तर भूकंप एकदम वाढले असे वाटेल. प्रत्यक्षात ऐकणारे कान वाढलेले असतात. उपाय असा की, सुरुवातीच्या तुटपुंज्या यंत्रणेलाही निश्चितपणे कळले असते, तेवढ्याच तीव्रतेचे धक्के तुलनेसाठी वाजवायचे आणि बारीक धक्के हवे असल्यास वेगळ्या कळीवर ठेवायचे.

तिसरी चूक सुरेलपणाची. आकड्यांना एखाद्या रागाच्या स्वरांत बसवण्याचा मोह कुणालाही होईल. ऐकायला बरे वाटेल, बातमीही होईल. पण रागात स्वर मोजकेच. ३.१ आणि ३.४ तीव्रतेचे धक्के एकाच गंधारावर जाऊन बसले, तर माहिती पुसली गेली. शिवाय करुण राग निवडला की श्रोता हळवा होतो, द्रुत लय निवडली की घाबरतो; दोन्ही भावना आकड्यांतून नव्हे, निवडणाऱ्याच्या मनातून आलेल्या असतात. हा आक्षेप संगीतावर नाही. संगीताला नोंदवही म्हणून खपवण्यावर आहे.

चौथी चूक गृहीत धरण्याची. मोठ्या आकड्याला चढा स्वर सगळ्यांनाच स्वाभाविक वाटतो असे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत दिसले की, काही राशींबाबत लोकांची अपेक्षा उलट असते आणि डोळस व दृष्टिहीन श्रोत्यांचे उत्तरही नेहमी एकसारखे नसते. म्हणून कोणता आवाज कशासाठी हे पुण्या-मुंबईत ठरवून धुंदलवाडीला पाठवता येणार नाही. ‘मोठा धक्का कसा वाजावा?’ हे ज्यांनी तो अनुभवला त्यांना आधी विचारायला हवे.

यामुळे भीती वाढणार नाही का?

वाढू शकते, आणि हा आक्षेप सर्वात गंभीर आहे. ज्या मुलाने रात्री घरातून पळ काढला आहे, त्याच्यासमोर स्पीकरवर जमिनीची गुरगुर वाजवणे ही क्रूरता ठरेल. म्हणूनच असे पहिले दालन धुंदलवाडीत नव्हे, चिंचणीसारख्या थोड्या दूरच्या गावात असावे. आवाजाचे नियंत्रण ऐकणाऱ्याच्या हातात असावे. खऱ्या धक्क्यासारखा वाटेल असा आवाज वापरू नये. लाकडी ठोका, थेंब असा निराळा, ओळखू येणारा ध्वनी घ्यावा. अचानक काही वाजू नये. आणि हे दालन पूर्वसूचना देत नाही, हे मराठीतच नव्हे, वारलीतही सांगितले जावे. भूकंपाचे भाकीत आज जगात कुणीही करू शकत नाही. स्पीकर लावल्याने ते शक्य होत नाही.

मात्र भीतीची दुसरी बाजूही पाहायला हवी. २०१८-१९ मध्ये लोक घाबरले ते केवळ धक्क्यांना नव्हे. काय चालले आहे हे कुणी सांगत नव्हते, यालाही घाबरले. माहितीच्या जागी अफवा आल्या. पत्रके निघाली ती ‘घाबरू नका’ असे सांगणारी. कशाला घाबरू नये आणि कशाची काळजी घ्यावी, हे कळण्याची सोय मात्र अपुरीच राहिली. कोयनेच्या लोकांनी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर अनेक दशके धक्क्यांसोबत काढली. त्या काळात तेथील नोंदी जगभरच्या अभ्यासकांनी वाचल्या. खुद्द कोयना खोऱ्यात त्या कितीजणांपर्यंत पोहोचल्या, हा प्रश्न डहाणूलाही लागू आहे.

आलेख पुरेसे नाहीत का?

तज्ज्ञांना पुरेसे आहेत. आवाजाची उणीव उघड आहे : तो विरतो. आलेखावर बोट ठेवून मागे जाता येते, नेमका आकडा वाचता येतो, आवाजात ‘३.२ की ३.३’ हे कळणे अवघड. त्यामुळे आवाज आलेखाला पर्याय नाही, सोबती आहे. पण आलेख वाचणे ही शाळेत मिळणारी सवय आहे, आणि ज्या पाड्यांनी सर्वाधिक धक्के सोसले तिथे ती सगळ्यांना मिळालेली नाही. दृष्टिहीनांसाठी तर आलेख असून नसल्यासारखाच. प्वेर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी तरुणपणी गेल्यावर त्यांनी ताऱ्यांच्या नोंदी ऐकून संशोधन पुढे चालू ठेवले. आकडे वाचता न येणे आणि आकडे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. आपल्याकडे या दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि ‘लोकांना समजणार नाही’ म्हणून माहिती कपाटात राहते.

हे कुणी करायचे, आणि जमले हे कसे ओळखायचे?

नोंदी सरकारी संस्थांकडे आहेत, म्हणून पहिले पाऊल त्यांचे. भूकंपांची यादी मराठीत, गावांच्या नावांसह आणि मापक कधी चालू-बंद होते या तपशिलासह खुली करावी. दुसरे पाऊल स्थानिक शाळा-महाविद्यालयांचे. भूगोल, भौतिकशास्त्र आणि संगणक या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र करणारा याहून चांगला प्रकल्प शोधून सापडणार नाही. तिसरे जिल्हा प्रशासनाचे. आपत्ती व्यवस्थापन म्हणजे केवळ तंबू आणि सायरन नव्हे, लोकांना आपल्या जमिनीची ओळख करून देणेही त्यातच येते.

यशाची कसोटी साधी ठेवावी. आलेख कधीही न वाचलेली व्यक्ती दालनात दहा मिनिटे फिरून बाहेर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत : धक्के सर्वाधिक कुठे होते? ते केव्हा वाढले आणि केव्हा ओसरले? नोंद कधी बंद होती? तिन्हींची उत्तरे आली, तर दालन जमले. ‘छान वाटले’ एवढेच उत्तर आले, तर ते मोडून पुन्हा बांधावे. ध्वनीकरणाच्या नावाखाली जगभर जे होते, त्यातील बरेच या कसोटीवर उतरणार नाही, आणि म्हणूनच ती लावायला हवी.

डहाणूच्या जमिनीखाली काय चालले आहे, ते सर्वात आधी ऐकले तिथल्या लोकांनी. मापक नंतर आले. त्या लोकांनी जे ऐकले ते नोंदीत गेले आणि आकडे होऊन दिल्ली-हैदराबादला पोहोचले. तिथून ते परत गावात यायचे राहिले आहे. ज्या रूपात ते गेले त्याच रूपात परत यावेत, म्हणजे आवाज म्हणून, ही मागणी अवाजवी नाही. धुंदलवाडीच्या माणसाला स्वतःच्या घराखालच्या धक्क्यांचा हिशेब ऐकण्याचा हक्क आहे, आणि चिंचणीत सहा स्पीकर व रंगवलेल्या नकाशावर त्याची सुरुवात होऊ शकते.